भुंगेऱ्याइतकी लाल

ब्योर्कनेसमध्ये मेर्टाशी भांडण कुणाला परवडत नाही. हिवाळ्यात गावचा रस्ता तीच मोकळा करते. बर्फ हटवायची ती भलीमोठी गाडी घेऊन मेर्टा निघाली, की लोक खिडक्यांत येऊन तिला हात हलवतात, अगदी अदबीनं. ज्याचा हात हलत नाही, त्याच्या फाटकापुढं बर्फाचा ढीग जरा जास्तच उंच पडतो म्हणे. मेर्टा म्हणते, हे सगळं झूट आहे. असेलही. पण हात सगळे हलवतात.

बाई अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. साठी उलटली तरी गाडीवर अशी चढते की बघणाऱ्यालाच धाप लागावी. आणि नवरा? देवानं त्या घरासाठी शब्दांचं जे एक गाठोडं पाठवलं, ते दारातच मेर्टानं उचललं असणार, कारण फोल्केच्या वाट्याला काही उरलेलं दिसत नाही. हो म्हणायचं असलं की तो ओठांचा चंबू करून श्वास आत ओढतो, 'श्शुप्'. तसं आमच्याकडे सगळेच हो म्हणतात, त्यात विशेष काही नाही. फोल्केचं बोलणं मात्र तिथंच संपतं. नाही म्हणायचं असलं की तो उठतो आणि तळ्याकाठच्या होडीच्या खोपीत जाऊन बसतो. पाहुणे आले तरी खोपीतच. माणसांची त्याला खरोखरच भीती वाटते, लहानपणापासून. चार माणसं एकदम त्याच्याकडे बघायला लागली की त्याचे कान लाल होतात आणि पाय आपोआप तळ्याकडे वळतात.

आता लिलीचं सांगतो. मेर्टा लग्न होऊन या घरात आली, त्या उन्हाळ्यात सासूनं तिला भिंतीलगतचा वाफा दाखवला.

"ही आमची लाल लिली," सासू म्हणाली. "माझ्या सासूनं लावलेली."

नव्या सुनेनं काय करावं? 'वा, छान' म्हणावं आणि गप्प बसावं. मेर्टा म्हणाली, "लाल? ही तर गाजरासारखी आहे!"

सासू बिचारी हसली. पण फोल्केची थोरली बहीण हिल्डुर तिथंच उभी होती, आणि तिला ते जे झोंबलं ते आजतागायत झोंबतंय. "मग खरी लाल तू लावून दाखव," ती म्हणाली. "दाखवतेच!" मेर्टा म्हणाली. झालं! तोंडातून शब्द गेला, आणि त्या एका शब्दापायी या बाईनं अर्धं आयुष्य गुडघ्यांवर बसून काढलं.

कारण लाल लिली मिळणं म्हणजे काही सोपं काम नाही हो. पिशवीवरच्या चित्रात ती लालभडक असते. पिशवीतून कंद काढून लावा, वर्षभर वाट बघा, आणि उमलते ती नारिंगी. एकदा विटकरी उमलली. एकदा चक्क गुलाबी, रासबेरीच्या जेलीसारखी. एकदा खरंच लाल निघणार होती, कळीवरून तसं वाटत होतं, पण ती दक्षिणेकडची नाजूक जात. ऐन जूनमध्ये हिमाचा कडाका पडला आणि कळीसकट काळी पडून आडवी झाली. काही कंद उंदरांनी खाल्ले. काही वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात कुजले. आणि एवढ्यातून जे वाचलं, त्यावर भुंगेरे. लिलीवरचा हा भुंगेरा नखाएवढासुद्धा नसतो, पण असा तकतकीत लाल, की नुकताच रंगाच्या डब्यातून निघालाय असं वाटावं. मेर्टा तो चिमटीत धरते, तो चीं चीं करतो, ती शिव्या घालते आणि त्याला चिरडते. उन्हाळाभर हाच उद्योग.

हिल्डुर दर वर्षी यायची, वाफ्यापुढं उभी राहायची, आणि म्हणायची, "मेर्टाच्या लिलीवर खरं लाल काय असेल तर तो भुंगेरा!" हे वाक्य इतकं गाजलं की शाळेतली पोरंसुद्धा म्हणायला लागली.

आमच्या गावात जुलैच्या अखेरीला एका रविवारी कुणा एकाच्या अंगणात अख्ख्या गावाची कॉफी असते. पाळीपाळीनं. घरात केलेली सात प्रकारची बिस्किटं लागतात. सहा केली तर घर चिक्कू, आठ केली तर दिमाख दाखवतात मेले. परवाच्या वर्षी ही कॉफी हिल्डुरकडे होती. आईच्या माघारी ते जुने कंद हिल्डुरनं आपल्याकडे नेले होते, आणि तिच्या घराच्या भिंतीपुढं ती गाजरी लिली अशी पेटली होती की फाटकातून आत येणारा प्रत्येक जण तिचंच नाव काढत होता.

"पुढच्या साली माझ्याकडे या," मेर्टा सगळ्यांदेखत म्हणाली. "लाल लिली काय असते ते दाखवते."

"आणि नाही दिसली तर?" हिल्डुरनं कप खाली ठेवला. "तर आईचे कंद घेऊन जायचे, तुझ्या दारात लावायचे, आणि सगळ्या गावासमोर म्हणायचं, 'ही लाल.' कबूल?"

"कबूल!"

शेजारचा म्हातारा सिक्स्टेन, ज्याला दुसऱ्यांच्या भांडणात फार रस, तो म्हणाला, "मी साक्षीदार." मेर्टाला हार काय असते ते माहीत नव्हतं असं नाही. पण नारिंगीला लाल म्हणायचं, तेही हिल्डुरसमोर, हे तिच्या जिवावर आलं असतं. 

मग तिनं पिशव्या आणि चित्रं यांचा नाद सोडला. नदीच्या वरच्या अंगाला, आमच्याहूनही थंड मुलखात, टोर्केल नावाचा एक माणूस लिली वाढवतो असं तिनं ऐकलं होतं. मुद्दाम ढगाळ दिवस बघून ती निघाली. उन्हं कलली की काय वाट्टेल ते लाल दिसतं, त्याला ती पुरेशी फसली होती. आणि नमुन्यासाठी तिनं खिशात आगपेटी घेतली. आगपेटीत एक जिवंत भुंगेरा.

"काय पाहिजे?" टोर्केलनं विचारलं. वाळकुडा माणूस, टोपी कानांपर्यंत.

"लाल लिली."

"ही काय, अख्खी रांग लालच आहे."

"ही लाल असेल तर मी राजकन्या," मेर्टा म्हणाली आणि तिनं आगपेटी उघडली. "मला हा लाल पाहिजे."

टोर्केल असा मागं उडाला की त्याची टोपीच पडली. "अगं ए बाई! वेड लागलंय का तुला? माझ्या वाफ्यात ही अवदसा घेऊन आलीस? मिट ती पेटी! मिट आधी!"

"मिटते की. आधी रंग बघ."

खरं तर त्यानं तिला हाकलूनच द्यायला हवं होतं. पण लिलीवाला तो लिलीवालाच. टोपी उचलता उचलता त्याची नजर पेटीवर गेलीच. "हं," तो म्हणाला. "रंग तर बरोबर आणलायस." आणि तो तिला मागच्या बाजूला घेऊन गेला, जिथं त्यानं स्वतः बियांपासून वाढवलेली रोपं होती. तिथं दोघं जणं ओणवी होऊन फिरायला लागली. एकीचा घसा नारिंगी निघाला. बाहेरून लाल आणि आत बघावं तर केशरी. दुसरीचं वरचं ताजं फूल झकास, पण त्याच दांड्यावरचं खालचं जुनं फूल विटकरी पडलेलं. "ही दोन दिवसांची लाल," मेर्टा म्हणाली, "मला काय करायचीय?" तिसरीच्या पाकळ्यांची मागची बाजू फसवी. टोर्केल प्रत्येकीची बाजू घेऊन भांडत होता, मेर्टा प्रत्येकीला नापास करत होती, आणि दोघांनाही असा आनंद बऱ्याच दिवसांत झाला नसावा.

अगदी कुंपणाच्या कोपऱ्यात एक उभी होती. उंचीला बेताची. मेर्टानं आगपेटी पाकळीजवळ धरली. घसा बघितला, पाठ बघितली, खालचं शिळं फूल बघितलं. मग ती नुसतीच उभी राहिली. तिचं तोंड बंद झालं, हे टोर्केलनं बघितलं, पण आम्हाला कुणाला खरं वाटणार नाही.

"नाव काय हिचं?"

"ठेवलंच नाही. बुटकी आहे म्हणून कुणी घेत नाही."

"हिवाळा?"

"इथं उघड्यावर काढलाय तिनं. झोपाळू आहे, सगळ्यांच्या शेवटी उगवते. त्यामुळं जूनचं हिम तिला गाठत नाही." त्यानं डोकं खाजवलं. "सप्टेंबरात ये, कंद काढून देतो. आणि ती पेटी आता माझ्या हातात दे." पेटी घेतली, पायाखाली घातली आणि वर दोनदा नाचला.

सप्टेंबरात कंद आले. लावायचे कुठं याचा मेर्टाला विचारच करावा लागला नाही. घराच्या दर्शनी भिंतीच्या वळचणीखाली छपरावरचा बर्फ घसरून पडतो आणि मे महिन्यापर्यंत तिथं जाड गोधडीसारखा पडून राहतो. कंदाला त्याच्याइतकी ऊब दुसऱ्या कशाची नाही. तिनं उंदरांसाठी तारेची जाळी घातली, बुडाशी वाळू, वर स्प्रूस झाडाच्या डहाळ्या. हिवाळ्यात तर ती गाडी अंगणात घालून आणखी बर्फ त्या ढिगावर लोटायची. "कंद लावलेत की पुरलेत?" हिल्डुर रस्त्यावरून ओरडायची.

त्या भिंतीबद्दल एक सांगायला हवं. घर गेरूच्या रंगाचं आहे. आता गावात सगळीच घरं गेरूची, पण फोल्केचा गेरू म्हणजे काही औरच. राय नावाच्या धान्याच्या पिठात शिजवून, आजोबांच्या कढईत, आजोबांच्या मापानं. रंग उडाला की तो स्वतः शिडीवर चढतो, दुसऱ्याचा हात लागू देत नाही. एकदा मेर्टा सहज म्हणाली होती, घर पिवळं केलं तर? फोल्के खोपीत जाऊन बसला, तो पहिला बर्फ पडेपर्यंत जेवायला आणि झोपायलाच काय तो घरी यायचा. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

जूनमध्ये कोंब वर आले, सगळ्यांच्या मागून, टोर्केल म्हणाला होता तसेच. कळ्या धरल्या. मेर्टा दिवसातून दहादा गुडघ्यांवर बसून कळ्यांत नाक खुपसायची. फोल्केला तिनं ताकीदच दिली, "लिलीबद्दल अक्षर काढायचं नाही. नजर लागेल." फोल्के म्हणाला, 'श्शुप्'.

आणि कॉफीच्या रविवारी, अगदी ठरवून दिल्यासारख्या, त्या उमलल्या. मेर्टा सकाळी पायऱ्या उतरून वाफ्याशी बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. लाल! आतून लाल, बाहेरून लाल, गाजराचा मागमूस नाही. फोल्के खोपीकडे निघाला होता. वाटेत तो थांबला, वळला, बराच वेळ घराकडे बघत राहिला. तोंड उघडलं. मग मिटलं, आणि गेला. मेर्टाला वाटलं, यानं पाहुण्यांची धास्ती घेतलीय.

दुपारी गाव लोटलं. सगळ्यांत पुढं हिल्डुर, चांगला झगा घालून, हातात रुमालानं झाकलेली कुंडी. रुमालाखालून गाजरी पाकळी डोकावत होती. ती वाफ्याच्या कडेनं चालत गेली, टेबलाशी बसली, कुंडी पुढ्यात ठेवली. बाकीचेही आले, गेले वाफ्याच्या कडेनं, बसले. मेर्टा किटली घेऊन उभी. आता कुणीतरी बोलेल. आता बोलेल. सिक्स्टेननं पहिलं बिस्किट संपवलं, दुसरं उचललं आणि विचारलं,

"मग? कुठंय तुझी लिली?"

मेर्टाला वाटलं, चेष्टा करतोय. "डोळे फुटले काय तुझे? आत्ता तिच्या शेजारून चालत आलास की!"

सगळ्यांनी माना वळवल्या. मेर्टानंही वळवली. आणि पहिल्यांदाच, टेबलापासून, दुरून, तिनं आपल्या लिलीकडे बघितलं.

लिली नव्हती. म्हणजे हिरवी पानं होती, दांडे होते, आणि त्यांच्यावर नुसती भिंत होती. गेरूच्या लाल भिंतीपुढं लाल फुलं अशी बुडाली होती, जसं तळ्यात पाणी ओतावं. इतकी वर्षं कळीत नाक खुपसून बघणाऱ्या बाईनं चार पावलं मागं येऊन कधी बघितलंच नव्हतं.

सिक्स्टेन हसायला लागला, मग सगळेच. वाईट मनानं नव्हे, पण हसले. हिल्डुरनं शांतपणे कुंडीवरचा रुमाल काढला. "आमच्या आईला काय वेड लागलं नव्हतं," ती म्हणाली. "लाल भिंतीपुढं हीच दिसते. चल, म्हण. 'ही लाल.'"

मेर्टानं हातातली किटली खाली ठेवली. जिच्या आवाजानं खिडक्या वाजतात, तिच्या तोंडून शब्द फुटेना. ज्यानं त्यानं आपापल्या कपात बघायला सुरुवात केली, कारण मेर्टाला रडताना बघायची कुणाचीच तयारी नव्हती.

तेवढ्यात तळ्याकडून कोणीतरी चालत येताना दिसलं. फोल्के! कॉफीच्या दिवशी, सगळं गाव बसलेलं असताना! कान लाललाल, नजर जमिनीवर, आणि खांद्यावर होडीचं जुनं पांढरं शीड. कुणाला काही न बोलता तो टेबलांच्या मधून गेला, वाफ्यामागं भिंतीला पाठ लावून उभा राहिला, शिडाची दोन टोकं दोन हातांत धरली आणि हात पसरले.

लोकांनी कपांतून माना वर काढल्या. त्या ठिगळं लावलेल्या, मासळीचा वास मारणाऱ्या शिडापुढं लिली उभी होती, आणि ती लाल होती. अशी लाल की बघताना डोळे आपोआप मोठे व्हावेत. "अरे बापरे," सिक्स्टेन म्हणाला. त्याचं बिस्किट कॉफीत पडलं.

हिल्डुर उठली. ती सहजासहजी मानणारी नव्हे. जवळ गेली, चष्मा चढवला, घसा बघितला, पाठ बघितली. "बरं," ती म्हणाली, "पण यंदा भुंगेरा नाही दिसत. भुंगेऱ्याशेजारी धरल्याशिवाय मी नाही..."

आणि तिच्या नाकासमोरची पाकळी चालायला लागली.

पाकळी नव्हे, भुंगेरा! भर फुलावर तो मघापासून बसलेला, आणि एवढ्या डोळ्यांना दिसला नव्हता. मेर्टानं चिमटीत पकडला. तो चीं चीं करायला लागला. हिल्डुर भुंगेऱ्याकडे बघते, फुलाकडे बघते, परत भुंगेऱ्याकडे.

"लाल आहे," ती म्हणाली. आवाज बारीक, पण म्हणाली. आणि मग आपणहून मोठ्यानं म्हणाली, "लाल आहे गं, मेर्टा! मेलीनं करून दाखवलं!" ती अशी हसायला लागली की तिला धरून खुर्चीवर बसवावं लागलं. मेर्टा तिच्या गळ्यात पडून हसत होती की रडत होती, ते कुणी नीट बघितलं नाही. भुंगेरा त्या गडबडीत उडून गेला.

मग एकेक जण कप घेऊन लिली बघायला गेला, आणि लिलीमागं फोल्के होताच. प्रत्येकाला काहीतरी बोलावं लागलं. "छान आहे हं, फोल्के." 'श्शुप्.' "यंदा मासे बरे लागतायत का?" 'श्शुप्.' कान पेटलेले, हात पसरलेले, पण जागचा हलला नाही. बायकांनी त्याला उभ्या उभ्या बिस्किटं भरवली, साती प्रकारची.

गाव पांगल्यावर मेर्टा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "कर आता खाली ते शीड. खांदे भरून आले असतील."

त्यानं हात खाली केले.

"सकाळीच कळलं होतं ना तुला? मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणालीस, अक्षर काढायचं नाही."

"अरे देवा! आणि तुला कसं काय कळलं? तू कधी बघतोस माझ्या फुलांकडे?"

फोल्केनं शिडाची घडी घालायला घेतली. एवढं लांब बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून घडीकडे बघतच तो बोलला. "खोपीच्या खिडकीतून रोज बघतो. तू लावलेली एकूण एक लिली मी तिथून बघितलीय. सगळ्या दिसायच्या. आज सकाळी वळून बघितलं, तर ही दिसेना." त्यानं शिडाची एक सुरकुती सरळ केली. "तेव्हाच म्हटलं, ही लाल."

मेर्टानं घडीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून शीड दुमडलं, आणि मग फोल्केनं आजोबांच्या भिंतीवर तळहात टेकला, जरा वेळ तसाच ठेवला.

"एवढी एक बाजू पांढरी करू," तो म्हणाला. "दर वर्षी कोण उभं राहणार?"